बारा महिन्यांखालचं नाव

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला माझं बहुतेक सगळं ठाऊक होतं — मी साखरआंब्याच्या बरणीत चोरून चमचा घालते, पत्त्यांत लबाडी करते, त्याच्या मावशीची नक्कल करते. ही एक गोष्ट मात्र त्यालाही कळली नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही समोर नाही म्हणून असेल. समोर असतात तर मी पुन्हा सगळं हसण्यावारी नेलं असतं — मला ते फार छान जमतं.

आणि हे रडगाणं नाही, ते आधीच सांगते. ते दिवस आठवले की अजूनही मला मनापासून आनंद होतो. अडचण तीच तर आहे. ज्याची लाज वाटायला हवी ते माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मजेच्या दिवसांत घडलं. आणि घडत असताना मला मजा येत होती. हे कसं सांगायचं?

तर — जर्मनपासून सुरू करते. मी पेणची. बी.ए. झाल्यावर पुण्याला मामाकडे राहिले आणि मैत्रिणीने फॉर्म भरला म्हणून मीही जर्मनच्या वर्गाचा फॉर्म भरला. वर्षभराने मला जर्मनमध्ये माझं नाव सांगता येऊ लागलं, छत्रीचा रंग सांगता येऊ लागला, आणि माझी मावशी डोंगरावरच्या गावात राहते हेही — जी राहत नव्हती. एवढ्या भांडवलावर मी परत आले. रोह्याजवळ धाटावला तेव्हा कंपन्यांच्या शेड नुकत्याच उभ्या राहत होत्या. त्यातल्या एकीत जर्मन यंत्र आलं आणि यंत्रामागोमाग जर्मन पत्रं यायला लागली. साहेबांना आसपासच्या दोन तालुक्यांत जर्मन येणारी मी एकटीच सापडले. मी रोज पेणहून रोह्याला एसटीने जायचे आणि जाड डिक्शनरी मांडीवर घेऊन ती पत्रं मराठीत उतरवायचे. सहा महिन्यांत बोल्ट, झडप आणि गळती या विषयांवर मी जर्मनमध्ये भाषण ठोकू शकले असते. त्यापलीकडे — छत्री आणि मावशी.

पण गावाला ते कोण सांगणार? पेणला मी 'जर्मनवाली' झाले. भाजीवाली विचारायची, जर्मनीत मेथी मिळते का? मी सांगायचे, मिळते, पण पानं जरा मोठी असतात. कुणी विचारायचं, तिकडे पापड लाटतात का? मी म्हणायचे, लाटतात की, पण उडदाचे नाही. 'ठाऊक नाही' हे दोन शब्द माझ्या तोंडून निघायचेच बंद झाले. तेवीस वर्षांच्या मुलीला अख्खा बाजार मान देतो — तुम्ही काय केलं असतं? नको, ते राहू द्या. प्रश्न तुमचा नाही.

त्या यंत्राबरोबर एक जर्मन फिटर दोन महिन्यांसाठी आला होता. जाताना त्याने मला एक मोठा कागद भेट दिला. कुठल्याशा जुन्या मठातल्या हस्तलिखिताच्या पानाची छापील नक्कल. त्यावर बारा चित्रं होती, बारा महिन्यांची. प्रत्येक चित्रात माणसं काही ना काही काम करत होती आणि खाली त्या महिन्याची जुनी नावं होती, एकेका महिन्याची तीन-तीन, चार-चार. आठशे-हजार वर्षांपूर्वी तिकडे महिन्याचं नाव एकच असं नव्हतंच. जानेवारीला कुणी येनर लिही, कुणी येनेर, कुणी गेनर. एप्रिलचं आबरेल, अबरेले, अप्रिल. लॅटिनमधली नावं शेतकऱ्यांच्या तोंडी पडून झिजली, आणि ज्या साधूच्या कानाला जसं लागलं तसं त्याने लिहिलं. कुणी कुणाची चूक काढली नव्हती. काही महिन्यांना लॅटिनशी देणंघेणं नसलेली घरची नावंसुद्धा होती — कामावरून पडलेली.

तो कागद मी कुणाला दाखवला? ज्याला दाखवायलाच नको होता त्याला. केळकरमास्तरांना.

मास्तर मला शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर दर दिवाळीला ते एक पानाचं कॅलेंडर छापून ओळखीपाळखीत वाटायचे. दरवर्षी त्यात काहीतरी नवं असायचं — एका वर्षी तालुक्यातले तलाव, एका वर्षी रानभाज्या. माझा कागद बघून मास्तर लहान मुलासारखे हरखले. म्हणाले, अगं, म्हणजे तिकडचा शेतकरीही महिना कामावरूनच मोजायचा. यंदा दोन्ही छापू — डावीकडे जर्मन महिने अर्थासकट, उजवीकडे आपले. जर्मन तू दे. आपले दामा देईल.

दामा म्हणजे दामा पाटील. गागोद्याच्या वाटेवरच्या एका वाडीत त्यांची भातशेती होती. मी त्यांना दामाकाका म्हणायचे. चाळिशी उलटलेले, बारीक, काळेभोर, डोळे सतत हसरे. अक्षरओळख अजिबात नव्हती. त्यांना चैत्र-वैशाख ठाऊक होते, जानेवारी-फेब्रुवारीही ठाऊक होते, पण त्यांच्या घरात महिने कामावरून चालायचे. राबाचा, म्हणजे जमीन भाजण्याचा; धूळपेरणीचा; आवणाचा, म्हणजे रोपांचा; लावणीचा; बेणणीचा, म्हणजे तण काढण्याचा. मग पोटरीचा — भाताच्या पोटात कणीस असतं तो. कापणीचा, झोडणीचा, वालाचा. आणि जानेवारी म्हणजे पोपटीचा. मास्तरांच्या ओटीवर बसून त्यांनी बोटावर मोजत बारा नावं सांगितली आणि मी उतरून घेतली. इतकी नेटकी नावं मी आयुष्यात ऐकली नव्हती. मास्तरांनी त्यांना शब्द दिला, कॅलेंडरवर तुझं नाव छापणार, दामा. दामाकाका लाजले. माझं नाव सातबाऱ्यावर सुद्धा चुलत्याच्या मागं हाय, म्हणाले.

आता माझी बारा. लॅटिनवाली सोपी गेली, ती ओळखू येत होती. घरच्या नावांशी गाठ पडली तेव्हा घाम फुटला. माझ्या डिक्शनरीत ती नव्हती. मग मी काय केलं? रचली. फेब्रुवारीचं होर्नुंग — त्यात मला शिंग दिसलं, म्हणून मी लिहिलं, शिंग फुंकण्याचा महिना. त्या नावावर पंडितांचं अजून एकमत नाही, तेव्हा ते पाप अर्धंच धरा. जूनचं ब्राखेट — यंत्राच्या पत्रांत 'मोडलं' या अर्थाचा असाच शब्द यायचा, म्हणून मी लिहिलं, नांगर मोडण्याचा महिना. आणि ऑक्टोबरचं विंडुमेमानोथ. त्या नावात तर मला काहीच दिसेना. मग मी चित्र बघितलं. एका मोठ्या पिपात माणूस धोतरासारखं काहीतरी वर खोचून उभा आणि पायाने तुडवतोय. पेणच्या माणसाला कुणीही काहीही तुडवताना दिसलं की डोळ्यासमोर एकच येतं, गणपतीची माती. मी ठणकावून लिहिलं — माती मळण्याचा महिना. मास्तर खूश. म्हणाले, बघ, तिकडेही पेण आहेच.

दामाकाका शेजारी बसून चित्रं न्याहाळत होते. ते जरा वेळाने म्हणाले, "बाय, ही माती नाय वाटत. पिपाला खाली भोक हाय, बघ. त्याच्या खाली ह्यो मडकं धरून बसलाय. मातीखाली मडकं कोण धरल? रस गळतोय त्याच्यातनं. कसल्या तरी फळाचा."

बरोबर होतं. त्या क्षणी मला दिसलं की बरोबर आहे — भोक दिसलं, मडकं दिसलं, आणि तुडवणाऱ्याच्या पायाशी द्राक्षाचा घोसही दिसला, काढलेला होता तिथे, स्पष्ट. मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, "दामाकाका, तुम्हाला जर्मन येतं का?"

ओटीवरचे सगळे हसले. मास्तर हसले, छापखान्यातला कंपोझिटर आला होता तो हसला. दामाकाकाही हसले, आणि म्हणाले, "नाय गो बाय, मला कुठलं." आणि चित्र बाजूला ठेवलं.

एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते. ओटीवरच्या फुशारक्या कुणी केलेल्या नाहीत? थांबा, पुढे आहे.

छपाईच्या आठवड्यात मास्तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेले आणि प्रूफ माझ्याकडे आलं. बारा चौकोन, आणि तळाशी दोन ओळी, एकाच मापाच्या अक्षरांत. 'जर्मन महिने : कु. शैलजा. आपले महिने : दामा पाटील.' मी ती दोन नावं बराच वेळ बघत बसले. मग तांबड्या पेन्सिलीने खालची ओळ खोडली. वरची बदलली. 'संकलन : कु. शैलजा, जर्मन भाषातज्ज्ञ, पेण.' कंपोझिटरने विचारलं, दामाचं नाव काढायचं? मी म्हटलं, मास्तरांनीच सांगितलंय. मास्तर डोळ्याला पट्टी लावून परत आले, बोटांनी कॅलेंडर चाचपलं, आणि दामाची ओळ नीट आली ना, असं विचारलं. मी म्हटलं, दामाकाकाच नको म्हणाले. मास्तर म्हणाले, साधा माणूस आहे. आणि डोळ्यावरच्या पट्टीखालून त्यांना पाणी आलं — ऑपरेशनचं होतं की कसलं, मी विचारलं नाही.

का खोडली ओळ? मला कारण ठाऊक आहे. ते मी इथे सांगणार नाही, कारण सांगितलं की ते सबबीसारखं ऐकू येईल.

दिवाळीच्या आदल्या दिवशी दामाकाका कॅलेंडर न्यायला आले. मास्तर आत झोपले होते, ओटीवर मी. त्यांनी कॅलेंडर दोन्ही हातांनी धरलं, उन्हाकडे केलं आणि विचारलं, "माझं नाव कुठं हाय, बाय?"

आलं. हेच सांगायला मी इतकी वळणं घेत आले.

मी बोट ठेवलं. माझ्या नावावर. 'हे काय,' म्हटलं. त्यांनी त्यांचं बोट माझ्या बोटाशेजारी ठेवलं आणि ओळीवरून सरकवत नेलं, हळूहळू, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग म्हणाले, "एवढं लांब हाय माझं नाव?" मी म्हटलं, "गावाचं नावही घातलंय ना."

ते इतके खूश झाले. मी कुणाला इतकं खूश झालेलं फार कमी वेळा पाहिलं आहे. आणि खरं सांगू? त्यांचा आनंद बघून मलाही आनंद झाला. खोटा नव्हे, खराच.

त्या वर्षापासून दर जानेवारीत मला वाडीवर पोपटीचं बोलावणं यायला लागलं. पोपटी काय ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. इतरांसाठी सांगते — मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, कांदे, ओवा, मीठ, पुन्हा पाला, आणि मडकं उलटं घालून भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ. लोक पोपटी रात्री लावतात. माझी एसटी चुकू नये म्हणून दामाकाका माझ्यासाठी उन्हं उतरतानाच लावायचे. माझं मडकं वेगळं, अंडी न घातलेलं. त्यात दरवर्षी चुकून एक अंडं सापडायचं आणि दरवर्षी मी ते चुकून खायचे. दामाकाकांच्या मंडळी तोंडाला पदर लावून हसायच्या. लग्न होऊन मी रोह्याला गेले, मुलं झाली, तरी पोपटी चुकवली नाही. दामाकाकांना घरी आबा म्हणत, आणि मला तिथे 'आबांचं नाव छापणारी बाय' म्हणायचे. त्या वाडीइतकं लाडाकोडाचं माहेरपण मला माझ्या माहेरीसुद्धा मिळालं नाही.

मध्येच कधीतरी पुण्याच्या रद्दीच्या दुकानात मला जुन्या जर्मनचा कोश मिळाला. भर दुकानात उभी राहून मी तो वाचला आणि एकटीच हसत सुटले. विंडुमे हा शब्द मुळात लॅटिन, 'विंदेमिया' — द्राक्षं तोडणं. जर्मन जिभेने तो चावून आपला करून टाकला आणि पुढे 'महिना' जोडला. ब्राखेट म्हणजे पडीक जमीन फोडायचा महिना. आणि ऑगस्ट तर किती गोड — आउग्स्ट, औगेस्ट, ओग्स्ट, नाव रोमच्या सम्राटाचं, पण त्या शेतकऱ्यांनी त्याचा अर्थच कापणी करून टाकला. सम्राट गेला, कापणी राहिली. मला वाटलं, हे आत्ताच्या आत्ता दामाकाकांना सांगायला हवं, ते किती हसतील. सांगितलं का? सम्राटाचं सांगितलं. पिपाचं सांगितलं नाही.

आणि मग ती पोपटी, ज्या वर्षी त्यांची नात रंजना दुसरीत होती. जाळ निवला होता, थोरला मुलगा काठीने राख बाजूला ओढत होता, आणि दामाकाका मला म्हणाले, "बाय, ही पोर माझं डोकं खाते बघ. शाळेत घातली तर म्हनते, आबा, कॅलेंडरवर तुमचं नाव नाय. म्या म्हनलं, अजून बाराखडीत हायस तू. या बायला जर्मनीची भाषा येते. ती चुकल का? सांग गो बाय हिला."

रंजना आत पळाली आणि ट्रंकेतलं कॅलेंडर घेऊन आली. धुराने पिवळं पडलेलं, पण घडी सुद्धा न घातलेलं, गुंडाळून ठेवलेलं. तिने ते माझ्यासमोर जमिनीवर पसरलं आणि तळाच्या ओळीतल्या नावावर बोट ठेवलं. एकेक अक्षर वाचायला लागली. शै. ल. जा. सगळे हसत होते. थोरला सातवीपर्यंत शिकलेला. तो हसत नव्हता, मान खाली घालून राख ओढत होता, ओढायला राख उरली नव्हती तरी. तो जाणून होता. किती वर्षं, कोण जाणे. आणि दामाकाका माझ्याकडे बघत होते, हसऱ्या डोळ्यांनी, खात्रीने.

पोर खरं वाचत होती. एक शब्द पुरला असता. मी म्हटलं, "अगं, ही जुन्या वळणाची अक्षरं आहेत. मोठी झालीस की नीट वाचता येतील तुला. आबांचंच नाव आहे ते."

रंजनाने अक्षरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा अक्षरांकडे पाहिलं. मग म्हणाली, बरं. दामाकाकांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि माझं मडकं उघडलं. त्या वर्षी शेंगा फार सुरेख शिजल्या होत्या. मी दोनदा मागून घेतल्या.

दामाकाका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत कुणी पाहुणा आला की ट्रंक उघडायचे. मास्तर त्यांच्याही आधी गेले. कॅलेंडरला वाळवी लागली. माझ्याकडेही प्रत नाही, मी मुद्दामच ठेवली नव्हती.

रंजना कोलाडला असते. हायवेवर तिचं आणि तिच्या नवऱ्याचं छोटं हॉटेल आहे. माझी एसटी तिथे थांबते तेव्हा ती भट्टीवरून हात पुसत बाहेर येते, मला आत बसवते, आल्याचा चहा देते आणि गिऱ्हाइकांना सांगते, ह्यांनी माझ्या आबांचं नाव छापलं होतं. आजवर ती हे न चुकता सांगत आली आहे. गेल्या खेपेला सांगताना तिला काहीतरी आठवलं आणि ती हसायला लागली. म्हणाली, "लहानपणी मी किती खुळी होते, बाय. आबांचं नाव पन मला वाचता यायचं नाय."

तिला वाचता येत होतं. तिथे माझं नाव होतं.